न उमटणारी रेघ

सुरुवातीला एक छोटंसं काम. उजव्या हाताची तर्जनी डाव्या तळहातावर टेकवा आणि तिथे आपलं नाव लिहा. नेहमी लिहिता तसंच, देवनागरीत, सवयीच्या वेगानं. डावखुरे असाल तर हातांची अदलाबदल करा. लिहून झालं की ते तिथेच सोडून द्या. शेवटी आपण त्याच्याकडे परत येऊ.

आता निवांत बसा. भिंतीला पाठ टेकली तरी चालेल. या बैठकीत आपण काही चिनी अक्षरं लिहिणार आहोत आणि त्यांतलं एकही तुम्हाला इथे छापलेलं दिसणार नाही. छापलेलं अक्षर डोळ्यांपुढे एकदम उभं राहतं, सगळ्या रेघांनिशी, भिंतीवरच्या तसबिरीसारखं. कोणती रेघ आधी आली आणि कोणती मागून, हे ते सांगत नाही. आपल्याला तर तेवढंच पाहायचं आहे. म्हणून मी एकेक रेघ सांगत जाईन आणि तुमचं बोट ती काढत जाईल. डोळ्याला दिसण्याआधी अक्षर हाताला कळू द्या.

ही रीत माझ्या पदरची नाही. चीनमधल्या शाळांत लहान वर्गातली मुलं हात वर करून बोटानं हवेत अक्षरं काढतात, आणि काढता काढता प्रत्येक रेघेचं नाव मोठ्यानं म्हणतात. याला 'शूखुंग' म्हणतात, म्हणजे रिकाम्या जागेत लिहिणं. आडवी रेघ 'हंग', उभी 'शू', डावीकडे घसरत उतरणारी 'फिए', उजवीकडे पसरत जाणारी 'ना', आणि टिंब 'त्येन'. मग कागदावर 'म्याओहुंग' येतं, म्हणजे लाल रंगात छापलेल्या अक्षरांवरून काळ्या शाईनं जाणं. आपण याला गिरवणं म्हणतो. कित्ता त्यांच्याकडेही आहे. त्यात आकाराबरोबर क्रमही गिरवायचा असतो.

एक

तळहातावर डावीकडून उजवीकडे एक आडवी रेघ ओढा. बस, एवढंच. हे 'एक' झालं.

पुन्हा ओढा, या वेळी सावकाश. कुंचल्यानं लिहिणारा ही रेघ ओढताना आधी टोक टेकवून किंचित दाब देतो. मग दाब हलका करून चालू लागतो. शेवटी थबकतो, पुन्हा दाबतो आणि जरासा मागे वळून कुंचला उचलतो. रेघ अगदी सपाटही नसते, उजवीकडे जाताना ती थोडीशी चढते. वहीत शीर्षकाखाली आपण ओढतो तशी ही फटकन ओढून मोकळं व्हायची रेघ नव्हे.

आता या रेघेच्या खाली दुसरी, तिच्यापेक्षा लांब. हे 'दोन'. मग नव्यानं तीन रेघा काढा : एक वर, मधली सगळ्यांत आखूड, खालची सगळ्यांत लांब. हे 'तीन'. नियम आपोआप कळला असेल : वरून खाली यायचं.

इथे थांबा. तीन रेघा ओढल्यात, पण बोट तीनदाच हललं का? पहिली रेघ उजवीकडे संपली आणि दुसरी डावीकडे सुरू झाली. मधे बोट तळहातापासून सुटलं, उजवीकडून डावीकडे, थोडं खाली, हवेतून आलं. ती वाट कुठेच उमटली नाही. 'तीन'मध्ये अशा दोन वाटा आहेत, आणि त्या चालल्याशिवाय 'तीन' लिहून होत नाही.

'तीन' पुन्हा एकदा लिहा. या वेळी रेघा आपोआप होऊ द्या. बोट तळहातापासून सुटलेलं असतं तेवढ्याच वेळाकडे लक्ष ठेवा.

आज आपल्याला मनन करायचं आहे ते या वाटांचं.

दहा

एक आडवी रेघ. मग तिला मधोमध छेदत खाली येणारी उभी रेघ. हे 'दहा'. नियम असा की आडवी आधी, उभी मागून.

आता उलटं करून पाहा. आधी उभी, मग आडवी. आकार तोच, बेरजेच्या चिन्हासारखा. कोणीही पाहिलं तरी दहाच वाचेल. मग क्रमाचा एवढा आग्रह कशाला?

मी ही लिपी शिकायला लागले तेव्हा चाळिशी उलटली होती. लहान मूल सांगितलं तसं करतं. आपल्याला आधी कारण लागतं. आमच्या लाओशींना, म्हणजे बाईंना, मी हाच प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारला. त्या म्हणाल्या, "दोन्ही तऱ्हांनी वीस-वीस वेळा लिहा. एकाखाली एक. मग तुम्हीच मला सांगा."

लिहिलं. आडवी आधी घेतलेल्या रांगेत हात दर वेळी अक्षराच्या तळाशी येऊन थांबत होता आणि पुढच्या दहाची जागा तिथेच, जरा खाली होती. उभी आधी घेतलेल्या रांगेत हात दर वेळी उजव्या कडेला जाऊन पडायचा आणि तिथून त्याला परत गोळा करून आणावं लागायचं. चिनी मजकूर शतकानुशतकं वरून खाली, उभ्या रांगांत लिहिला गेला हे मी पुस्तकात वाचलं होतं. हातात ते त्या संध्याकाळी उतरलं. क्रम बसवणाऱ्यांनी या अक्षराबरोबर याच्या खालच्या अक्षराचाही विचार केला होता.

करून पाहा. एका दहाखाली दुसरा दहा, त्याखाली तिसरा. शेवटची उभी रेघ तुम्हाला पुढच्या अक्षराच्या उंबऱ्यावर आणून सोडते की नाही, ते बघा.

माणूस

वर मध्यापासून सुरू करा आणि डावीकडे खाली घसरत या. जाता जाता दाब कमी करा, म्हणजे रेघ शेवटी निमुळती होईल. ही फिए. आता तिच्या डोक्याच्या जरा खालून निघून उजवीकडे उतरा. ही ना. हिचं चालणं उलट : पातळ सुरू होते, उतरताना जड होत जाते, पायाशी येऊन थबकते आणि मग हलकी होत बाहेर निसटते. दोन पाय टाकून उभा राहिलेला हा 'माणूस'. डावा पाय आधी, उजवा मागून.

याच दोन रेघा, याच क्रमानं, पण उजव्या रेघेचं डोकं डावीच्या वर जाऊ द्या. आता अक्षराचा अर्थ 'आत शिरणं' असा होतो. दोन रेघा वर कुठे भेटतात, एवढाच फरक. तसंच, माणसाच्या आधी एक आडवी रेघ घेतली आणि मग त्याला तिच्यातून खाली उतरवलं, तर हात पसरून उभा असलेला 'मोठा' होतो. मोठ्याच्याही वर आणखी एक रेघ घातली की 'आकाश'.

मोठ्या वयात ही अक्षरं हातात बसवणाऱ्या एका मराठी माणसाची इथे आठवण येते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. युद्धाच्या धामधुमीत ते चिनी शिकले आणि पुढे तिथल्या विद्यार्थ्यांना त्याच भाषेत वैद्यक शिकवू लागले. त्यांचं चिनी नाव 'ख तीह्वा'. पथकातल्या पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी 'ह्वा' घेतलं होतं, आणि ह्वा म्हणजे चीन. तेव्हा हे अक्षर बऱ्याच रेघांचं होतं. आजच्या सोप्या रूपात त्याला सहा रेघा आहेत आणि त्यांतल्या शेवटच्या दोन म्हणजे तुम्ही आताच लिहिलेला दहा. कोटणिसांच्या मुलाचं नाव यिनह्वा. त्यातलं 'यिन' म्हणजे भारत, कारण भारताच्या चिनी नावाची सुरुवात त्या अक्षरानं होते. त्याच अक्षराचा मूळचा अर्थ आहे ठसा, शिक्का. जे उमटतं ते.

शेत

आता चौकोन. आपण चौकोन काढतो तसा नाही, कारण इथे तो चार रेघांचा नसून तीन रेघांचा असतो. पहिली डावीकडची उभी, वरून खाली. दुसरी तिच्या डोक्यापासून निघून आडवी उजवीकडे जाते आणि कोपऱ्यावर बोट न उचलता वळून खाली उतरते. तिसरी तळाची आडवी, म्हणजे दार लावणारी.

पण तळाची आताच घेऊ नका. 'शेत' लिहायचं आहे. डावी उभी झाली, वरची वळणाची झाली. अजून खाली उघडं आहे. आत एक आडवी ओढा, मग तिला छेदणारी एक उभी. हा बांध आणि तो बांध. आता तळाची रेघ ओढून बंद करा. चार वाफ्यांचं शेत तयार झालं. मुलांना हा नियम शिकवतात तो असा : आधी आत जा, मग दार लावा.

आमच्या लाओशींनी माझी वही तपासताना एकदा शेतावर बोट ठेवलं आणि विचारलं, "दार आधी लावलंत ना?" लिहिताना त्या समोर नव्हत्या. मी खरं सांगितलं आणि त्यांना कसं कळलं ते विचारलं. माझा चौकोन नेटका होता, पण आतले बांध घाबरल्यासारखे झाले होते. एक भिंतीला टेकलेला, दुसरा टेकायच्या आधीच थांबलेला. चौकोन आधी पुरा झाला की आत काय आणि किती मावायचं ते ठरून गेलेलं असतं, आणि मग हात चोरासारखा आत शिरतो. दार उघडं असलं की तळाची रेघ आतल्या पसाऱ्याकडे बघून ठरवता येते.

हाच नियम 'देश' या अक्षरात आहे : बाजू आणि छप्पर, मग आत 'जेड' हा मौल्यवान दगड, आणि शेवटी दार. हाच 'कैदी' या अक्षरातही. तिथे चौकटीच्या आत माणूस असतो. माणसाला आत घेतल्याशिवाय दार लावता येत नाही. हे अक्षर शिकताना मुलांना क्रमाचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

आणि शेताची आणखी एक गंमत. चिनी मुलं ज्या वहीत सराव करतात तिची प्रत्येक चौकट मधल्या आडव्या-उभ्या तुटक रेघांनी चार भागांत विभागलेली असते. तिचं नावच 'शेत-चौकट'. प्रत्येक अक्षर शेतात पेरायचं. तिरप्या रेघाही घातलेल्या चौकटीला 'तांदूळ-चौकट' म्हणतात, कारण ती तांदळाच्या अक्षरासारखी दिसते.

आता एक अडचणीची गोष्ट. हेच शेत जपानी मूल लिहितं तेव्हा आतली उभी रेघ आधी घेतं आणि आडवी मागून. 'राजा' हे अक्षर तीन आडव्या आणि एका उभ्या रेघेचं. चीनमध्ये दोन आडव्या झाल्यावर उभी येते, जपानमध्ये एका आडवीनंतरच. जपानच्या शिक्षण मंत्रालयानं 1958 साली प्राथमिक शाळेतल्या 881 अक्षरांसाठी क्रमाची पुस्तिका काढली. चीननं 1997 साली 7000 अक्षरांचा प्रमाण क्रम ठरवून दिला. दोन्हीकडे मुलांच्या वहीत लाल शाईनं चुका काढल्या जातात आणि एका वर्गातलं बरोबर दुसऱ्या वर्गात चूक ठरतं.

हे कळल्यावर मी थोडी हिरमुसले होते. इतके दिवस ज्याला शिस्त समजत होते ती नुसती वहिवाट निघाली. पण वहिवाट म्हणजे काय, हे शेताच्या अक्षरावर बसून विचारलं की उत्तर सापडतं. शेतातून जाणारी पायवाट आभाळातून ठरून आलेली नसते. शेजारच्या गावात ती दुसरीकडून जाते. तरी पिढ्यान्‌पिढ्या पावलं पडून ती घट्ट झालेली असते आणि अंधारातही पाय तिच्यावरून चुकत नाहीत. रोज नवी वाट काढणाऱ्याचं सगळं लक्ष पायांखाली जातं.

शेत आता दोन्ही क्रमांनी एकदा लिहा. मग एक निवडा आणि त्याच क्रमानं पाच वेळा लिहा. तिसऱ्या-चौथ्या वेळी 'आता कोणती' हा प्रश्न गळून पडतो. तो गळून पडल्यावर लक्ष कुठे जातं, तेवढं पाहा.

पाणी

आतापर्यंत आपण डावीकडून किंवा वरून सुरुवात केली. 'पाणी' मधून सुरू होतं. वरच्या मध्यापासून एक उभी रेघ सरळ खाली आणा आणि तळाशी पोचल्यावर तिला डावीकडे वर, एक छोटा आकडा द्या. मग डाव्या बाजूला : छोटी आडवी, तिथूनच वळून खाली डावीकडे घसरणारी. मग उजव्या बाजूला : वरून मधल्या रेघेकडे येणारी एक आखूड फिए, आणि ती जिथे टेकते तिथून उजवीकडे खाली पसरणारी लांब ना. चार रेघा. मधे प्रवाह, दोन्ही बाजूंना पाणी.

'आग' मात्र उलट चालते. तिच्यात दोन्ही कडांच्या ठिणग्या आधी, डावी मग उजवी, आणि मधला माणसासारखा आकार मागून. पाणी मधून कडेला जातं, आग कडेकडून मधे येते. नियमाचा हा अपवाद कसा पडला, याचं कोडं सोडवत बसू नका. दोन्ही एकामागून एक लिहा आणि हाताला पडणारा फरक नुसता अनुभवा.

आता पाण्याच्या त्या आकड्याकडे परत चला. उभी रेघ तळाशी पोचली होती, काम झालं होतं. मग हा आकडा कशासाठी? तो कोणत्या दिशेला जातो ते पाहा : डावीकडे, वर. आणि पुढची रेघ कुठे सुरू होते? डावीकडे, वर. बोट पुढच्या रेघेकडे निघालं आणि निघता निघता त्याचं पहिलं पाऊल कागदावर पडलं. तोच हा आकडा. 'लहान' या अक्षरातही अगदी असंच होतं : मधली उभी, आकडा, आणि आकडा ज्या बाजूला बघतो त्याच बाजूचं टिंब पुढे. हवेतली जी वाट आपण 'तीन'मध्ये पाहिली, ती इथे क्षणभर दिसते आणि पुन्हा हवेत जाते.

युंग

पाण्याला वर एक टिंब द्या. अगदी तसंच नाही, पण जवळपास. टिंब आधी, वर मध्यावर, जरासं उजवीकडे कललेलं. मग त्याच्याखाली छोटी आडवी, ती वळून सरळ खाली उतरते आणि तळाशी तोच आकडा. मग डावीकडची वळून घसरणारी. मग उजवीकडून मधे येणारी आखूड. आणि शेवटी लांब ना. हे 'युंग', म्हणजे कायमचं, चिरकालचं. जुन्या कोशकारांनी याचा अर्थ लावला तो लांबवर वाहत जाणाऱ्या पाण्यावरून.

चिनी सुलेखन शिकणाऱ्याची या अक्षरापासून सुटका नसते, कारण लिपीतल्या आठ मूळ हालचाली या एकात सापडतात असं मानतात. त्यांची जुनी नावं ऐकली की हालचाल समोर उभी राहते. आडवी रेघ म्हणजे लगाम खेचणं, आकडा म्हणजे उसळी, उजवीकडची आखूड रेघ म्हणजे पाखरानं चोच मारणं. हालचाली आठ, पण बोट टेकायचं पाचदाच, कारण काही हालचाली एकमेकींत वळत जातात. आणि पाचदा टेकायचं म्हणजे मधे चारदा हवेतून जायचं. ते मोजत, सावकाश, एक युंग लिहा.

याच अक्षरानं चीनमधला सर्वांत नावाजलेला हस्तलेख सुरू होतो. इसवी सन 353 मध्ये, वसंतात, लान्थिंग इथे ओढ्याकाठी जमलेल्या मित्रांच्या कवितांना वांग शीची यांनी प्रस्तावना लिहिली आणि पहिलं अक्षर आलं ते युंग, कारण त्या वेळच्या राजवर्षाच्या नावाचं ते पहिलं अक्षर होतं. मूळ लेख आज नाही. एका थांग सम्राटाला तो इतका प्रिय होता की त्याच्याबरोबरच पुरला गेला, अशी कथा आहे. उरल्या त्या नकला. दरबारी नकलाकारांची एक रीत होती : मूळ लेखावर पातळ कागद ठेवून प्रत्येक रेघेची बाह्यरेषा बारीक आखून घ्यायची आणि मग आत शाई भरायची. आकार केसभरही हलत नसे. पण शाई भरणाऱ्या हाताला ती रेघ कधी चालावी लागत नसे.

वांग शीचींच्या सातव्या पिढीतला चीयुंग नावाचा भिक्षू मात्र रोज बसून लिहायचा. हजार अक्षरांचा जो पाठ मुलांना शिकवत, तो त्यानं आठशे वेळा लिहून प्रती मठांना वाटल्या असं सांगतात, आणि झिजलेल्या कुंचल्यांना पुरून त्यांची समाधी बांधली असंही. बाह्यरेषा आखून काढलेली नकल आणि आठशेव्या वेळी लिहिलेली प्रत शेजारी ठेवली, तर दोन्हींत अक्षर एकच असेल. एकात मधल्या वाटा चालून झालेल्या आहेत.

ओढ

आता वेग वाढवा. युंग जरा भरभर लिहा, मग आणखी भरभर. बोट पूर्ण उचलायला वेळ मिळत नाही असं झालं की रेघांच्या मधे पुसट धागे उमटू लागतात. आकड्यापासून डावीकडच्या रेघेपर्यंत एक, आखूड रेघेपासून लांब ना-पर्यंत एक. चिनी लोक रोजच्या व्यवहारात जी धावती लिपी लिहितात ती अशीच जन्मते. तिच्यात हवेतल्या वाटा कागदावर उतरतात. त्याहून वेगवान, गवतासारखी वाऱ्यावर पडलेली लिपी तर अशी की मूळ रेघा जवळजवळ विरून जातात आणि वाटाच उरतात. क्रम माहीत नसलेल्याला ती वाचता येत नाही, कारण आकार मोडून गेलेला असतो आणि शाबूत असतो तो फक्त क्रम.

सुलेखनाचे जाणकार एक वचन सांगतात : 'पी तुआन, यी लिएन'. कुंचला तुटतो, ओढ जुळलेली राहते. 'यी' म्हणजे मनातला रोख. कुंचला कागदावरून उठला तरी मनातली रेघ चालूच राहते आणि पुढच्या टेकण्यापर्यंत पोचते. संथ, सुट्या, शाळकरी अक्षरातही ती असावी लागते. नसली तर रेघा आपापल्या जागी नीट बसूनही अक्षर सांडल्यासारखं दिसतं.

विसरण्याच्या वेळी हिचंच महत्त्व कळतं. आज चीनमध्ये बहुतेक लिहिणं फोनवर होतं. उच्चार रोमन अक्षरांत टंकला की पडद्यावर अक्षरं येतात, त्यांतलं हवं ते निवडायचं. त्यामुळे वाचता येणारं अक्षर हातानं लिहिताना आठवत नाही, असं चांगल्या शिकलेल्यांचंही होतं. 'कुंचला उचलला आणि अक्षर विसरलं' अशा अर्थाचा चार अक्षरी वाक्प्रचारच आहे. अशा वेळी माणसं काय करतात ते पाहिलंय? डोळे मिटून चेहरा आठवावा तसं अक्षर आठवत बसत नाहीत. बोट हवेत, नाहीतर मांडीवर फिरवू लागतात. पहिली रेघ सापडली की ती दुसरीला ओढून आणते, दुसरी तिसरीला. कधी कधी डोकं हरतं आणि बोट पुढे निघून जातं.

पाण्यानं

बीजिंगमधल्या बागांत सकाळी काही वयस्क माणसं कमरेइतका लांब कुंचला घेऊन येतात. त्याला पुढे स्पंज लावलेला असतो. बादलीतल्या पाण्यात तो बुडवून ते फरशीवर अक्षरं लिहितात, उभं राहून, मागे मागे सरकत. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत पहिली अक्षरं फिकी पडलेली असतात. याला 'तीशू' म्हणतात, म्हणजे जमिनीवरचं लेखन.

कल्पनेत त्यांच्यापैकी एकाच्या मागे उभे राहा. ते युंग लिहीत आहेत. टिंब पडलं. ओलं, काळं, चकचकीत. वळणाची रेघ उतरली, आकडा उसळला. कुंचला हवेत आहे. एक थेंब फरशीवर पडतो, अगदी त्या मधल्या वाटेवर, आणि पुढची रेघ टेकते. पाहणारे गप्प असतात. सुकलेलं अक्षर पाहायला कोणी थांबत नाही. सगळे पाहतात ते पुढची रेघ कुठून येते ते. ऊन वाढतं, टिंब आधी सुकतं, ना शेवटी. अक्षर ज्या क्रमानं आलं त्याच क्रमानं जातं.

पुन्हा त्या थेंबाकडे पाहा. कुंचला हवेत होता तेव्हाही तो लिहीतच होता.

नाव

आता आपल्या तळहाताकडे परत या. सुरुवातीला तिथे लिहिलेलं नाव पुन्हा लिहा. या वेळी इतकं सावकाश की बोट कधी टेकतं आणि कधी सुटतं ते कळेल.

पहिलं अक्षर. त्याची गाठ आधी काढता की काना? कोणी शिकवलं होतं? घरात कुणी बोट धरून गिरवून घेतलं असेल, शाळेत पाटीवर कित्ता असेल. शिकवणाऱ्याचा चेहरा पुसट झाला असेल, पण क्रम अजून तोच आहे. एखादं अक्षर उलट्या क्रमानं काढून पाहा. आपलंच नाव आपल्याला परकं वाटेल. आपल्या लिपीत कोणी रेघांची नावं मोठ्यानं म्हणून घेतली नाहीत, तरी वहिवाट पडलीच.

दुसरं अक्षर. तिसरं. वेलांटी, मात्रा. घाई नको.

सगळी अक्षरं लिहून झाली. आता शिरोरेषा राहिली आहे. मोडी लिहिणारे ती आधीच ओढून घ्यायचे, ओळभर, एका दमात, आणि मग बोरूनं तिच्याखाली अक्षरं टांगत जायचे. आपल्यापैकी बहुतेक जण बाळबोधीत ती शब्द संपल्यावर ओढतात. आत सगळं आलं की मग छप्पर.

तेव्हा बोट आता शेवटच्या अक्षरापाशी, उजवीकडे आहे. शिरोरेषा सुरू होते डावीकडून. मधे आपलं पूर्ण नाव आहे.

बोट उचला. त्याला परत जाऊ द्या, आपल्या नावावरून, हवेतून, उजवीकडून डावीकडे, पहिल्या अक्षराच्या डोक्यापर्यंत. आजवर जितक्या वेळा नाव लिहिलंत तितक्या वेळा या वाटेनं आलात. तिथे पोचल्यावर क्षणभर टेकू नका.

मग टेका, आणि रेघ ओढा.